आठव्या डावातली खूण

बेसबॉलमधला आजवरचा सर्वश्रेष्ठ पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोण, हा प्रश्न सेंट क्विरिन गावात दर गुरुवारी सकाळी डॉटीच्या कॅफेत सुटतो. सुटतो म्हणजे दोन म्हातारे त्याच्यावरून घसा कोरडा करतात, डॉटी चार वेळा कॉफी ओतून जाते आणि पुढच्या गुरुवारी प्रश्न होता तिथेच असतो. सिल्व्हेस्टर जन्मभर दूधगाडी चालवून घरी बसलेला, तर मार्विनने दाणागिरणी मुलाच्या हवाली केलेली. दोघांच्या बायका म्हणायच्या, हे दोघं एकमेकांशी जेवढं बोलतात त्याच्या निम्मं आमच्याशी बोलले असते तर आमचा संसार सुखाचा झाला असता.

"जॉन्सनने चारशे सतरा सामने जिंकले," मार्विन बोट नाचवत म्हणाला. "चारशे सतरा! तेवढ्या वेळा तुझी दूधगाडी धड सुरूसुद्धा झाली नसेल."

"माझी गाडी एका दमात सुरू व्हायची. आणि तू त्या वॉल्टर जॉन्सनला बघितलंस कधी? तुझ्या बापाने तरी बघितलं का?"

"बघायला कशाला लागतं? आकडे आहेत ना!"

"आकडे गेले खड्ड्यात. मी कोफॅक्सला या डोळ्यांनी बघितलंय. पासष्ट साल, ऑक्टोबर महिना, मिनेसोटातलं आपलंच मैदान. दोन दिवसांची विश्रांती घेऊन आला आणि तीन हिटवर आपल्या संघाला गुंडाळून गेला."

"ऐका! आपल्याच घरात येऊन आपल्याला झोपवून गेला, आणि हा बाबा त्याचेच गोडवे गातो. लाज वाटत नाही तुला?"

"ज्याने मला रडवलं त्यालाच मी मोठा म्हणणार. ज्याला कधी बघितलंच नाही त्याच्यासाठी रडू कसा?"

"अरे, पण जॉन्सन आपला आहे! वॉशिंग्टनचा क्लब एकसष्ट साली उठून इथे मिनेसोटात आला. म्हणजे हिशेबाने जॉन्सन आपला."

"तुझी सासू आयोवातून आली होती. म्हणून काय आयोवा आपलं झालं?"

शेजारच्या टेबलावर अल्विना हसली. तिच्यासमोर अर्धा कॅरमेल रोल होता आणि तो ती गेला अर्धा तास पुरवून खात होती. अल्विना सत्याहत्तर वर्षांची होती, आणि त्यातली अठ्ठावन्न वर्षं तिने गावच्या संघाची वही लिहिली होती. प्रत्येक चेंडू कुठे गेला, कोणी अडवला, कोणाच्या हातून सुटला, हे त्या वहीच्या चौकोनांत लिहायचं. बॅटर धावत पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या टप्प्यावर, पोचला, तर तो स्वतःच्या फटक्याच्या जोरावर पोचला की पकडणाऱ्याच्या चुकीमुळे, हेही वही लिहिणाऱ्यानेच ठरवायचं. हिट की चूक. ती खूण एकदा केली की त्यावर अपील नाही. पाद्री येऊन सांगू लागले तरी नाही.

"अल्विना, तू सांग," मार्विन म्हणाला. "वही काय म्हणते?"

"माझ्या वहीत कोफॅक्स नाही आणि जॉन्सनही नाही. माझ्या वहीत फक्त सेंट क्विरिन आहे."

"तेच म्हणतोय मी," सिल्व्हेस्टर एकदम खुर्ची वळवून बसला. त्याचा आवाज बदलला. "सेंट क्विरिनचं काय? रविवारी संघाला शंभर वर्षं होतायत. स्टँडवर बोर्ड लागणार, 'गावचा सर्वश्रेष्ठ पिचर'. आणि कमिटी कोणाचं नाव घालायला निघालीय माहितीये? याच्या चुलतभावाचं. एर्विनचं!"

"एर्विनने नो-हिटर टाकलीय," मार्विन म्हणाला. "अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट दिला नाही. गावाच्या शंभर वर्षांत ते फक्त त्यालाच जमलंय. आकडे आहेत."

"अठ्ठ्याहत्तर साली! आणि त्या दिवशी त्यांचे तीन खेळाडू लग्नाला गेले होते. त्यांच्या जागी त्यांनी बसचा ड्रायव्हर उभा केला होता, मार्विन! माझ्या आजीनेही त्या दिवशी नो-हिटर टाकली असती." मग तो अल्विनाकडे वळला. "बासष्टचा फ्लोरियनचा सामना आठव. अख्ख्या सामन्यात एकच हिट. तोही आठव्या डावात, तिसऱ्या बेसवर ओथमारच्या हातातून निसटलेला. मी दुसऱ्या बेसवर होतो, अल्विना. तो हिट नव्हता."

अल्विनाने रोलचा आणखी एक तुकडा तोडला.

"ओथमार भला माणूस होता, देव त्याला शांती देवो. तुझा नवरा होता म्हणून मी इतकी वर्षं तोंड उघडलं नाही. पण आता तो नाही. वही तुझ्या घरात आहे, पेन्सिल तुझी आहे. एवढीशी खूण बदल. फ्लोरियन रविवारी येतोय."

"कोण येतंय?"

"फ्लोरियन! मोंटानाहून. मुलगी घेऊन येतेय त्याला. मी स्वतः फोन केला होता."

नियम म्हणतो की खूण बदलायची तर चोवीस तासांत बदलावी. इथे सत्तावन्न वर्षं उलटली होती. ते अल्विनाने सांगितलं असतं तर सिल्व्हेस्टर हसला असता आणि विषय तिथेच मिटला असता. पण ती उठली, उरलेला रोल कागदात गुंडाळून घेतला आणि "बघते" एवढंच म्हणून बाहेर पडली. तिचा कोट खुर्चीवरच राहिला. डॉटीला तो घेऊन तिच्या मागे धावावं लागलं.

घरी येऊन तिने जेवणाच्या टेबलावर बासष्टची वही उघडली. शोधावी लागली नाही. ती वही कोणत्या कपाटात, कोणत्या गठ्ठ्यात, वरून कितवी आहे हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

तेव्हा ती वीस वर्षांची होती. वही लिहिणारे म्हातारे मास्तर थकले म्हणून तिच्याकडे काम आलं होतं आणि ती त्या कामावर जीव लावून होती. जुलैतला रविवार होता. प्रार्थना आटोपून सगळं गाव मैदानावर आलं होतं, समोर बर्गहाइमचा संघ होता आणि फ्लोरियन पिच करत होता. उंच, हडकुळा, फार न बोलणारा. त्याची चेंडू टाकण्याची एक तऱ्हा होती. दोन्ही हात डोक्यावर नेऊन तो क्षणभर अगदी स्तब्ध उभा राहायचा, जणू काहीतरी विसरलंय आणि ते आठवतोय. मग चेंडू सुटायचा. बर्गहाइमच्या लोकांना तो चेंडू दिसत नव्हता. खरं सांगायचं तर अल्विनालाही दिसत नव्हता, कारण चेंडू सुटला तरी तिची नजर फ्लोरियनवरच असायची.

सामना नऊ डावांचा. सहाव्या डावापासून स्टँडमध्ये कोणी आवाज करेना. असा सामना चालू असताना त्याचं नाव घ्यायचं नसतं. पिचरशी कोणी बोलत नाही, त्याच्या शेजारी कोणी बसत नाही, नाहीतर दृष्ट लागते. फ्लोरियन बाकाच्या टोकाला एकटा बसला होता. सातवा डाव गेला. आठव्यात दोघं बाद झाले. मग हात डोक्यावर गेले, तो थांबला, चेंडू सुटला, बॅटचा आवाज आला. लोक ओरडले तेव्हा अल्विनाने मान वळवली. बर्गहाइमचा गडी पहिल्या बेसवर धापा टाकत उभा होता आणि तिसऱ्या बेसजवळ ओथमार चेंडू हातात घेऊन जमिनीकडे बघत होता.

मधलं काही तिने पाहिलं नव्हतं.

सगळं स्टँड मागे वळून वर तिच्या वही लिहायच्या खोलीकडे बघायला लागलं. फलकावर आकडे लावणारा माणूस आकडा हातात घेऊन वाट बघत होता. हिट की चूक? अशा सामन्यात शंका असली तर चूकच द्यायची, पहिला हिट निखळ असला पाहिजे, ही जुनी रीत मास्तरांनी तिला शिकवली होती. तिला ती पाठ होती. पण गावातल्या चार बायका कधीपासून कुजबुजत होत्या की अल्विनाचा त्या फ्लोरियनवर डोळा आहे. चूक दिली तर फ्लोरियनची नो-हिटर टिकेल आणि लोक म्हणतील, बघा, आपल्या माणसाला झुकतं माप दिलं. ज्याच्यावर जीव होता त्याच्या बाजूने हात उचलायची तिला भीती वाटली. तिने एक बोट वर केलं. हिट.

दहा दिवसांनी फ्लोरियन रेल्वेत नोकरी धरून मोंटानाला निघून गेला. जाताना भेटला नाही. गावाने म्हटलं, एका हिटचा एवढा राग! अल्विनालाही तेच वाटलं, आणि आजही वाटत होतं. ओथमार मात्र सामन्याच्याच संध्याकाळी तिच्या खोलीचा जिना चढून आला होता. टोपी हातात धरून तो म्हणाला होता, "आभारी आहे." तिने म्हटलं, "मी दिसलं ते लिहिलं." तो हसला होता. वर्षभराने त्यांचं लग्न झालं. तीस गायी, चार मुलं, बावन्न वर्षं. ओथमारने तिला कधी काही कमी पडू दिलं नाही. पण दर उन्हाळ्यात एखादा नवा पोरगा पिच करायला उभा राहायचा, आणि चेंडू टाकण्याआधी जरा थांबला की तिच्या काळजात कळ उठायची. ती नवऱ्याच्या शेजारी बसून स्वतःला दटावायची आणि पुढचा चौकोन भरायची.

तिने पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. चूक लिहिली असती तर फ्लोरियनला त्याचं गेलेलं परत मिळालं असतं, पण ओथमारच्या नावावर डाग पडला असता, तोही बिचारा मेल्यावर, त्याच्या बायकोच्या हाताने. आणि हिट राहू दिला तर? लिहिणारीला मुळात काही दिसलंच नव्हतं. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. कन्फेशनच्या पेटीत पाद्रींपुढेही नाही. आता सांगायचं तर एकालाच सांगायचं होतं, आणि तो रविवारी येणार होता. सत्याहत्तरीला आलेली बाई, पण तिने शुक्रवारी जाऊन केस बसवून घेतले.

रविवारी मैदान फुलून गेलं होतं. जाळीवर सॉसेज भाजत होते, बिअरची पिंपं वाहत होती, मक्याच्या शेताकडून गरम वारा येत होता. नेहमीप्रमाणे अल्विना, बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागच्या उंच लाकडी खोलीत बसली होती. शेजारच्या खुर्चीवर माइक घेऊन वॉली बसायचा, भोंग्यावरून खेळाडूंची नावं पुकारायला. वरून तिला खालचा तंबू दिसत होता. तिथे सिल्व्हेस्टर एका बारीक, वाकलेल्या म्हाताऱ्याला खांद्याला धरून प्रत्येकाला दाखवत होता, जणू तो त्यानेच घडवला होता.

चौथा डाव संपल्यावर वॉली बिअर आणायला उतरला. मग जिना वाजला. एकेक पायरी, मध्ये थांबत. अल्विना पाठमोरीच बसून राहिली. तिने आधीच भरलेला चौकोन पुन्हा गिरवला.

"किती पायऱ्या वाढवल्यात गं?" फ्लोरियन दारात धापा टाकत म्हणाला.

"तेवढ्याच आहेत. वर्षं वाढलीत."

तो वॉलीच्या खुर्चीवर बसला. त्याचा उजवा हात कोपरात वाकलेलाच राहिला होता, सरळ होत नव्हता. डोळे तेच होते. तिने ते एकदाच पाहिले आणि मैदानाकडे तोंड केलं.

"कार्ला खाली थांबलीय," तो म्हणाला. "मुलगी. चारला निघायचंय, मिनियापोलिसहून विमान आहे. सिल म्हणतो, तू वही बदलणार आहेस."

"आणलीय वही." तिने बासष्टची वही त्याच्यासमोर सरकवली. "बदलायच्या आधी तुला एक सांगायचंय. मी तो चेंडू बघितला नव्हता, फ्लोरियन. कुठे गेला, कोणाच्या हातातून सुटला, काही बघितलं नव्हतं. मी तुझ्याकडे बघत होते."

फ्लोरियनने मान डोलावली. "सगळं गावच माझ्याकडे बघत होतं, अल्विना. नो-हिटर चालली होती माझी."

अल्विनाला हसावं की त्याच्या डोक्यात वही घालावी कळेना. पिचरची जात! सत्तावन्न वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तिने त्याच्यापुढे ठेवली आणि हा पठ्ठ्या तिला प्रेक्षकांत मोजून मोकळा झाला.

"त्या दिवसाचं नाही बोलत मी," ती म्हणाली. "मी त्या उन्हाळ्याचं बोलतेय. आधीच्या उन्हाळ्याचंही. तू पिच करत असलास की चेंडू कुठे गेला हे मी लोकांच्या माना कुठे वळल्या ते बघून लिहायचे. त्या दिवशी सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग माझ्यापाशी काही उरलं नाही. चूक दिली असती तर सगळ्यांना कळलं असतं माझ्या मनात काय आहे. म्हणून हिट दिला."

खाली पाचवा डाव सुरू झाला. वॉली अजून बिअरच्या रांगेत होता. अल्विनाने पहिला चौकोन भरला.

फ्लोरियन म्हणाला, "ती चूकच होती. अगदी सरळ चेंडू होता, शाळकरी पोराने उचलला असता. ओथमारलाही ते ठाऊक होतं."

"ओथमारला?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर भेटला. दोघंही दुधाचे कॅन उतरवत होतो. मला म्हणाला, 'फ्लो, मला माफ कर. माझ्या हातातून सुटला तो. सगळ्यांना दिसलं. तिलाही दिसलं. पण तिने माझ्यासाठी खोटं लिहिलं. वहीत! अल्विनाने! आता मी त्या मुलीला सोडणार नाही.'" फ्लोरियनने तोंडावरून हात फिरवला. "ऑगस्टच्या चर्चच्या जत्रेत मी तुला विचारणार होतो. पण जी मुलगी एका माणसासाठी वहीत खोटं लिहिते, तिला दुसऱ्याने काय विचारायचं? मी रेल्वेचा अर्ज भरला."

"तू हिटवर रागावून गेला नाहीस?"

"हिटचं काय एवढं? पुढच्या रविवारी पुन्हा पिच केलं असतं."

अल्विनाने पेन्सिल खाली ठेवली. तिला ओथमार आठवला. भांडण अगदी रंगात आलं की तो मध्येच गप्प व्हायचा, तिच्याकडे बघायचा, आणि त्याचा चेहरा मऊ व्हायचा. ती म्हणायची, काय बघतोस, बोल की! तो म्हणायचा, काही नाही. बावन्न वर्षं तो माणूस त्या एका खुणेच्या भरवशावर तिच्याशी चांगला वागला होता. आपल्यासाठी हिने सगळ्या गावासमोर खोटं लिहिलं, असं तो समजून चालला होता. याहून मोठं प्रेम तो कुठून आणणार होता? आणि त्या खुणेत त्याचं नाव कुठेच नव्हतं. अल्विनाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कोणासाठी आहे हे तिला तिथल्या तिथे सांगता आलं नसतं.

"त्याला कधी कळलं का?" फ्लोरियनने विचारलं.

"नाही. तसाच गेला. चार वर्षं झाली." तिने डोळे पुसले, बासष्टची वही उघडली, तो चौकोन शोधला आणि खोडरबर हातात घेतलं. "तू सांग. खरं ते लिहायचं तर चूक लिहायला हवं. हे तुझं आहे. तुला हवं असेल तर आत्ता लिहिते."

फ्लोरियन त्या चौकोनाकडे बघत राहिला. मग त्याने तिच्या हातातलं खोडरबर काढून घेतलं, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवलं आणि वॉलीचा माइक पुढे ओढला. भोंगा खरखरला. खालची माणसं वर बघायला लागली.

"मी फ्लोरियन बोलतोय," तो म्हणाला. "बासष्ट साली आठव्या डावात मी टाकलेल्या त्या चेंडूवरून तुमचा वाद चाललाय असं ऐकलं. मी सगळ्यांत जवळ होतो, म्हणून सांगतो. तो हिट होता. निखळ हिट. ओथमारला पंख असते तरी तो गडी बाद झाला नसता. वही बरोबर आहे. बोर्डावर एर्विनचं नाव घाला."

खाली टाळ्या वाजल्या. तंबूत सिल्व्हेस्टरने डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली. मार्विनने ती उचलून, झटकून, पुन्हा त्याच्या डोक्यावर बसवली आणि वर काहीतरी टोमणा मारला असावा, कारण दोघंही लगेच हातवारे करून भांडायला लागले. जॉन्सन आणि कोफॅक्स पुन्हा मैदानात उतरले असणार.

फ्लोरियनने माइक बंद केला.

"खोटं बोललास," अल्विना म्हणाली.

"तू एकदा लिहिलंस, मी एकदा बोललो. झालं."

"फ्लोरियन."

"काय?"

"जत्रेत विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं."

त्याने वाकडा हात टेबलावर ठेवला. तिच्या हातापासून वीतभर दूर. तो तिथेच राहिला. फ्लोरियन म्हणाला, "मोंटानात हिवाळा फार मोठा असतो. तिथे मी पुष्कळदा विचार केला की हिने काय म्हटलं असतं. बायको माझी चांगली होती. तरी केला."

एवढ्यात वॉली बिअर घेऊन वर आला, पाहुणा बघून खुर्ची त्यालाच राहू दे म्हणाला आणि उभ्यानेच नावं पुकारायला लागला. पुढे बोलण्यासारखं काही राहिलं नाही, किंवा राहिलेलं वॉलीसमोर बोलण्यासारखं नव्हतं. अल्विना लिहीत राहिली. सहावा डाव, सातवा डाव. शेजारी फ्लोरियनचा श्वास ऐकू येत होता, थोडी घरघर असलेला. त्याच्याकडे वळून बघावं असं तिला इतकं वाटत होतं की मान दुखायला लागली. पण आज तिने एकही चेंडू सुटू द्यायचा नाही असं ठरवलं होतं. शेवटचा गडी बाद झाला की वही मिटायची, आणि मग पोटभर, कोणाची पर्वा न करता, त्याच्याकडे बघायचं. आता कोणाला काय वाटेल याची भीती नव्हती. इतकी वर्षं थांबले, अजून दोन डाव.

आठव्या डावात जिन्याखालून कार्लाची हाक आली, "बाबा, चार वाजले!"

"निघतो गं," फ्लोरियन म्हणाला. खुर्ची सरकली.

पिचरचे हात डोक्यावर गेले होते. "हा एवढा गडी होऊ दे," अल्विना मैदानावरची नजर न काढता म्हणाली. "एकच मिनिट."

चेंडू सुटला. बॅटला घासून मागच्या जाळीवर गेला. पुन्हा चेंडू, पुन्हा घासून बाहेर. तो बॅटर चिवट निघाला. एकामागून एक सात चेंडू त्याने असेच रेषेबाहेर मारले, प्रत्येक वेळी चेंडू पुन्हा टाकावा लागला, आणि अल्विनाने प्रत्येकाची खूण केली. आठव्या चेंडूवर तो तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या हातात झेल देऊन बाद झाला. तिने चौकोन भरला, पेन्सिल ठेवली आणि वळली.

खुर्चीवर वॉली बसला होता.

"गेले ते," वॉली म्हणाला. "बराच वेळ उभे होते दारात. मी म्हटलं, थांबा, मी सांगतो तिला. तर म्हणाले, नको, तिला बघू दे."

खडीच्या रस्त्यावर मक्याच्या वरून धुळीचा एक पट्टा हायवेकडे सरकत होता. अल्विना तो दिसेनासा होईपर्यंत बघत उभी राहिली. खाली नवव्या डावाचा पहिला गडी बॅट घेऊन आला होता आणि वॉलीने त्याचं नाव दोनदा पुकारलं.